पडल्यावर वर केलेला हात

तीर्थरूप बाबा,

आधी नमस्कार, मग भांडण.

इथे चेन्नईला जेवण ठीक आहे. बाइक रेसिंग बघायला हल्ली एवढी गर्दी होते, की परवा दोन शाळकरी मुलींनी माझी सही घेतली!

आई म्हणाली, शनिवारच्या रेसमध्ये मी वळणावर घसरले आणि तुम्ही मोबाइल पालथा ठेवून गॅलरीत गेलात. मनगट थोडं सुजलंय, बाकी काही नाही. पण पुढचं बघायचं ना! मी लगेच उठून हात वर केलेला.

टेंभी नाक्याच्या हंडीत थर कोसळला, की गर्दीतल्या आजीला दिसावा म्हणून तुम्हीसुद्धा आधी हात वर करायचात. ती कधी तोंड फिरवून निघून गेली का?

रविवारी फायनल आहे. मोबाइल सुलटा ठेवा.

तुमचीच हट्टी,
वर्षाली