शेवटची दोन अक्षरं

९ मार्च, रविवार दुपार

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत. बाबांचा गुडघा सोडला तर त्यांचीही तब्येत ठणठणीत आहे. तुझी भाची सायकल शिकतेय. रोज पडते आणि सायकललाच बोल लावते.

गिरणीच्या रंगखात्यातला आपला जुना कॉम्प्युटर परवा उचलला. नवा बसवायला एक मुलगी आली होती. तुझा बेसिक भाषेतला प्रोग्राम वाचताना तिनं एका ओळीवर बोट ठेवलं. "ताई, इथे पुढे शून्य जोडून शेवटची दोनच अक्षरं का घेतलीत?"

मी समजावलं. रंगाच्या मशीनला आकडा सोळाच्या हिशेबात, अक्षरांत द्यावा लागतो. प्रत्येक रंगाला नेमकी दोन अक्षरं. बेसिकमधला हेक्स हा हुकूम दोनशेचं सी-आठ करतो, पण नऊचं नुसतं नऊ. मग पुढच्या रंगाचं पहिलं अक्षर, समजा चार, नऊला येऊन चिकटतं आणि मशीन नऊच्या जागी नऊ-चार, म्हणजे एकशे अठ्ठेचाळीस वाचतं.

"म्हणजे आधी कुणीतरी आपटलं होतं," ती हसून म्हणाली.

नऊशे मीटर कापड, दादा. मरूनचं नारिंगी झालेलं. खात्याचा प्रमुख तू होतास, म्हणून तुला काढलं. तेव्हाची, शून्य न जोडणारी ओळ मात्र मी लिहिली होती. "लहान आकडे घालून पाहिलेस ना?" असं तू विचारलं होतंस. मी "हो" म्हणाले होते. पाहिले नव्हते.

हे तुला ठाऊक आहे. तुला ठाऊक आहे, हे मलाही अकरा वर्षं ठाऊक आहे. चाव्या द्यायच्या दिवशी तू अर्धा तास आत बसला होतास. मला वाटलं, सामान आवरतोयस. दुसऱ्या दिवशी ओळ गुपचूप दुरुस्त करावी म्हणून मी प्रोग्राम उघडला, तर ती आधीच दुरुस्त केलेली. महिन्याभरानं तुझी खुर्ची मला मिळाली. बाबांनी तुला निष्काळजी ठरवून बोलणं टाकलं, तेव्हा मी शेजारी बसून भाजी निवडत होते.

त्या मुलीला मी सांगितलं, "चुकीची ओळ माझी. ही माझ्या भावाची." मग मॅनेजरकडे जाऊन तेच सांगितलं. ते म्हणाले, "आता काय उपयोग?" तरी मी लिहून दिलं आणि सही केली.

काल बाबांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "तो एका शब्दानं बोलला नाही?"

"नाही."

"आणि तू?"

संध्याकाळी ते माझ्याशी बोलले नाहीत, जेवलेही थोडंच. आज सकाळी म्हणाले, "त्याचा पत्ता दे. फोनवर मला जमायचं नाही." आता आतल्या खोलीत लिहीत बसलेत. दोन कागद फाडून झाले.

त्यांच्या पत्राला उत्तर दे. माझ्या पत्राला देशील, असा हट्ट नाही.

जी तेव्हा बोलली नाही,
ती तुझी धाकटी