हाडांच्या मॅडम रजेवर

१२ जून
आजपासून रोज लिहिणार. जबाबदारीच्या माणसाने नोंदी ठेवाव्यात.

आमची संस्था रुग्णसेवक तयार करते. एक वर्षाचा कोर्स. मी भाषा शिकवतो: व्याकरण, अर्ज, अहवाल. शरीररचना आणि शरीरक्रिया शिकवणाऱ्या मॅडम (मुलं त्यांना हाडांच्या मॅडम म्हणतात) बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. त्यांच्या जागी येणारा माणूस ऐनवेळी दुसरीकडे चिकटला. प्राचार्यबाईंनी मीटिंगमध्ये विचारलं, तोवर कोणी सांभाळेल का? सगळे पंख्याकडे बघायला लागले. मी हात वर केला. ज्याला भाषा येते त्याला काहीही शिकवता येतं. शिवाय विभागप्रमुखाची जागा रिकामी आहे. ती यंदा भरणार असं ऐकतो.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, अहो, तुम्हाला शरीरातलं काय येतं? मी म्हटलं, शरीर आहे ना मला. इतकी वर्षं वापरतोय.

१३ जून
हाडांच्या मॅडमनी स्वतःचं पुस्तक पाठवलं. उशीपेक्षा जाड. संकल्प: पहाटे पाचला उठायचं, रोज एक प्रकरण.

१४ जून
साडेसातला उठलो. झोप ही शरीरक्रियाच आहे. ते प्रकरण बरंच पुढे आहे, पण सुरुवात कुठून तरी व्हायला हवी.

१७ जून
पुस्तकात भयंकर चुका. हृदयाच्या आकृतीत डावीकडच्या कप्प्याला ‘उजवा’ म्हटलंय आणि उजवीकडच्याला ‘डावा’. पेनाने दुरुस्त केलं. पुढच्या आकृतीत तेच. फुप्फुसांचं तेच. यकृताचं चित्र डावीकडे आणि खाली छापलंय, ‘यकृत उजव्या बाजूस असते’! एवढ्या महाग पुस्तकाची प्रुफं कोणी तपासली कोण जाणे. सगळी आकृत्यांची पानं दुरुस्त केली. प्रकाशकाला पत्र टाकायचं आहे.

मॅडम इतकी वर्षं हेच पुस्तक वापरतात. त्यांच्या लक्षात कसं आलं नाही? असो. प्रत्येकाला नजर नसते.

१९ जून
पहिला तास. हाडं. प्रयोगशाळेतला प्लास्टिकचा सांगाडा वर्गात उभा केला. प्रौढ माणसाला दोनशे सहा हाडं असतात, असं सांगितलं. सगळ्यांनी वहीत उतरवलं. प्रभाव पडला.

शेवटच्या बाकावर चाळिशीचा एक विद्यार्थी आहे. पूर्वी बसवर कंडक्टर होता म्हणून सगळे त्याला कंडक्टरच म्हणतात. पुढच्या बाकावर एक किडकिडीत मुलगी. सारखा हात वर. तिचं नाव मुलांनीच ‘शंका’ ठेवलंय. आज तिने विचारलं, सर, बाळाला आपल्यापेक्षा जास्त हाडं असतात ना? मी हसलो. म्हटलं, अगं, एवढुसं बाळ, त्यात मावणार कुठे? वर्ग हसला. प्रेमाने समजावलं की मुलांच्या मनातली भीती जाते.

२४ जून
तयारीसाठी सांगाडा घरी आणला. सासूबाई पावसाळाभर राहायला आल्यात. त्यांनी त्याला टॉवेल गुंडाळला. म्हणाल्या, जावईबापू, घरात बाईमाणसं वावरतात.

३ जुलै
यकृत. डाव्या बाजूस असतं, हे ठासून सांगितलं. शंकाचा हात. सर, माझ्या आजीची सोनोग्राफी झाली तेव्हा यकृत बघायला उजवीकडे जेल लावलं होतं. मी विचारलं, आजीला समोरून बघितलंस की मागून? म्हणाली, समोरून. म्हटलं, मग बरोबर. समोरून सगळं उलटं दिसतं.

तिने वही मिटली. पटलेलं दिसलं.

कंडक्टर म्हणाला, पण सर, डॉक्टर... मी विचारलं, पुस्तक मोठं की डॉक्टर? तो खाली बसला.

१० जुलै
पचनसंस्था. अन्न वरून पडतं आणि वजनाने खाली जातं, इतकं सोपं करून सांगितलं. शंका म्हणाली, मग आडवं पडून पाणी पिता येतं ते कसं? पुस्तकात काहीतरी दिलंय, अन्ननलिकेचे स्नायू एकामागून एक आवळतात आणि घास पुढे ढकलतात वगैरे. मला ते अलंकारिक वाटलं. स्वतः प्रयोग करून बघणार.

११ जुलै, संध्याकाळी
प्रयोग केला. सोफ्यावर पाठीवर पडलो, डोकं खाली लोंबकळत ठेवलं आणि बिस्किट खाल्लं. घास चक्क वर, म्हणजे पोटाकडे, जायला लागला! आनंदाने ‘अगं बघ’ म्हणालो, तेवढ्यात उरलेला तुकडा श्वासनलिकेत. डोळे पांढरे. सासूबाईंनी हातातला चष्मा शांतपणे टेबलावर ठेवला, मला बसतं केलं आणि पाठीत असे धपाटे घातले की तुकडा समोरच्या भिंतीवर.

बायकोने विचारलं, काय झालं गं आई? त्या म्हणाल्या, काही नाही, जावई अभ्यास करतायत.

निष्कर्ष: अन्न दोन्ही दिशांना जातं.

२१ जुलै
विद्यार्थ्यांना जवळच्या दवाखान्यात नेलं. रक्ताचे नमुने कसे घेतात ते दाखवायला. सिस्टरने विचारलं, कोणी हात देईल का? नेतृत्व पुढून करावं लागतं. बाही वर केली. शीर आणि धमनी यांतला फरक सांगायला सुरुवात केली.

पुढचं दिसलं ते छत.

माझे पाय कंडक्टरच्या खांद्यावर होते. तो ओरडत होता, मागे सरका, मागे सरका, दारात गर्दी करू नका. शंका माझी नाडी धरून घड्याळ बघत होती. सिस्टरने तिला शाबासकी दिली. मी उठून बसलो आणि वर्गाला म्हटलं, मेंदूला रक्त कमी पडलं की काय होतं ते तुम्ही आज प्रत्यक्ष बघितलं. असं प्रात्यक्षिक कुठलाही शिक्षक देत नाही. खरंच देत नाही.

सुई अजून टोचलीच नव्हती, असं सिस्टर म्हणत होती. असेल.

८ ऑगस्ट
एक गोष्ट ठळकपणे जाणवते. वर्गात आता कुणालाच शंका नाहीत. शंकालासुद्धा. मी सांगतो, ते माना डोलावतात. चेहऱ्यावर एक प्रकारची माया. शिकवणं इतकं स्वच्छ झालंय की प्रश्नच उरत नाही.

फक्त सोमवारी जरा पेंगतात. रविवारी उनाडत असणार.

२ सप्टेंबर
सहामाहीचा पेपर बाहेरच्या परीक्षकांनी काढला, त्यांनीच तपासला. माझा वर्ग सगळ्यात वर. एकही नापास नाही. प्राचार्यबाई म्हणाल्या, सर, कमाल केलीत. मी म्हटलं, मुलांची मेहनत. (असं म्हणायचं असतं.)

उत्तरपत्रिका चाळल्या. झाडून सगळ्यांनी यकृत उजवीकडे लिहिलंय. तरी पूर्ण मार्क! हृदयाचे कप्पेही उलटे. परीक्षकाने डोळे मिटून तपासलेत. मुलांचं नुकसान नको म्हणून गप्प बसलो.

बायकोला मार्क सांगितले. मग म्हटलं, विभागप्रमुखाच्या खोलीत खिडकीकडे टेबल लावावं की दाराकडे? ती म्हणाली, आधी खोली मिळू द्या.

५ सप्टेंबर
उद्या रविवार. हाडांच्या मॅडमकडे जाणार. बाळाला खुळखुळा घेतलाय. त्यांना धीर द्यायला हवा. सांगणार आहे की वर्गाची अजिबात काळजी करू नका, बाळाकडे बघा, जमलं तर रजा वाढवून घ्या.

६ सप्टेंबर
गेलो होतो. नंतर लिहीन.

७ सप्टेंबर
पोटात दुखतंय असं कळवून घरी राहिलो. सासूबाईंनी विचारलं, नक्की कुठे? हात ठेवून दाखवलं. त्या म्हणाल्या, तिथे दुखत असेल तर ते पोट नाही.

खरंच नव्हतं.

८ सप्टेंबर
लिहून टाकतो.

मॅडमच्या दारात चपला होत्या. जिन्यापर्यंत. कंडक्टरची तुटक्या अंगठ्याची चप्पल मी कुठेही ओळखेन. आतून हसण्याचा आवाज. दार लोटलेलं होतं. ढकललं.

माझा अख्खा वर्ग जमिनीवर बसला होता. मॅडम पलंगावर, बाळ मांडीवर. कंडक्टर समोर उभा, चष्मा नाकाच्या टोकावर, खडू विडीसारखा धरलेला. म्हणत होता, पुस्तक मोठं की डॉक्टर?

नक्कल चांगली होती. मी खडू तसा धरत नाही.

मला बघून हसणं एकदम बंद झालं. कंडक्टरने चष्मा काढला. तो दुसऱ्याचा होता, त्याने तो परत दिला. शंका उठून उभी राहिली आणि तिला रडूच फुटलं. म्हणाली, सर, आम्ही तुम्हाला सांगणार नव्हतो. मॅडमनी सांगितलं होतं, सरांना कळता कामा नये. सरांनी हात वर केला नसता तर तुमचा तास बंदच झाला असता, तेव्हा वर्गात नीट बसायचं, उलट बोलायचं नाही, जे अडेल ते रविवारी इथे विचारायचं.

जुलैपासून दर रविवारी.

मला निघून जायचं होतं. मॅडम म्हणाल्या, सर, आलातच तर हिला जरा धरता का? आणि बाळ माझ्या हातात दिलं. चिमुरडीने माझ्या शर्टाचं बटण पकडलं आणि झोपली. मॅडम म्हणाल्या, आता हलू नका हं, मोठ्या मुश्किलीने झोपते. मग कसा जाणार? मागे भिंतीला टेकून बसलो. मुलांनी सरकून जागा दिली.

मॅडमनी शिकवायला घेतलं. माझ्याकडे न बघता, सगळ्यांना म्हणून म्हणाल्या, एकदा उजळणी करू. आकृतीतला माणूस आपल्याकडे तोंड करून उभा असतो. त्यामुळे डावं-उजवं त्याचं धरायचं, आपलं नाही.

माझ्या छातीवर बाळाचं हृदय केवढं भराभर चालत होतं. मी हळूच विचारलं, हे इतकं जोरात, ठीक आहे ना? कोणी हसलं नाही. शंकाने उत्तर दिलं. लहान बाळांचं तसंच असतं सर, मोठ्यांपेक्षा खूप वेगात. आणि हाडंही जास्त असतात. पुढे काही एकमेकांना जोडली जातात.

खुळखुळा खिशातच राहिला. घरी आल्यावर वाजला तेव्हा कळलं.

९ सप्टेंबर
वर्गात गेलो. सगळे ताडकन उभे. कंडक्टर तर मान खाली घालून. मी म्हटलं, बसा. आज मूत्रपिंडं. कोण शिकवतंय?

कोणी हलेना. मग शंका आली. मी शेवटच्या बाकावर कंडक्टरशेजारी बसलो. त्याने त्याची वही मध्ये सरकवली.

उजवं मूत्रपिंड डाव्यापेक्षा किंचित खाली असतं, कारण वर यकृत बसलेलं असतं. मला हे माहीत नव्हतं. फार व्यवस्थित रचना आहे.

१४ सप्टेंबर
‘विद्यार्थ्यांनी शिकवायचं, शिक्षकांनी ऐकायचं’ ही माझी नवी अध्यापनपद्धती प्राचार्यबाईंना समजावून सांगितली. त्यांनी विचारलं, कधी सुचली? म्हटलं, विचार बरेच दिवस चालू होता.

रात्रीच्या जेवणात बायकोला तेच सांगितलं. तिने पूर्ण ऐकून घेतलं. मग माझ्या पानात आणखी एक पोळी वाढली.

२० सप्टेंबर, रविवार
मॅडमकडे गेलो. वेळेवर. पेनाने ‘दुरुस्त’ केलेलं पुस्तक परत दिलं आणि माफी मागितली. त्या म्हणाल्या, अहो, उलट बरं झालं. तुम्ही वर्गात सांगितलेल्या प्रत्येक दुरुस्तीत चूक कुठे आहे ते शोधायला मी रविवारी मुलांना लावलं. अशी उजळणी आजवर झाली नव्हती.

हे कौतुकच आहे. घरी येऊन बायकोला विचारलं. तीही म्हणाली, आहे हो, आहे.

२ नोव्हेंबर
मॅडम रुजू झाल्या. मी परत व्याकरणाकडे. प्राचार्यबाईंनी बोलावून घेतलं. दार लावून घ्या म्हणाल्या. मी शर्ट नीट केला.

विभागप्रमुख म्हणून हाडांच्या मॅडमची नेमणूक झाली आहे. अभिनंदनाचा मजकूर फळ्यावर लिहायचा आहे. तुमच्यासारखी भाषा संस्थेत कोणाची नाही, तेव्हा तुम्हीच लिहा.

लिहिला. मनापासून. दाराजवळच्या मोठ्या फळ्यावर, रंगीत खडूंनी, संपूर्ण मधली सुट्टी खर्च करून. ‘शारिरीक आणि मानसिक कष्टांची पर्वा न करता...’ असा त्यात एक परिच्छेद आहे. लोक थांबून वाचत होते.

शंकाही थांबली. वाचलं. इकडेतिकडे बघितलं, कोणी नाही असं पाहून माझ्याजवळ आली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, सर, ‘शारीरिक’मध्ये पहिली री दीर्घ असते आणि दुसरी रि ऱ्हस्व.

कोशात बघितलं. असते.