गाडीवरची जागा आणि माझी आरोळी

प्रेरी-ओ-शेन,
राखेच्या बुधवारचा दुसरा दिवस

तीर्थस्वरूप ओनेझिमदादा यांस,

धाकटा चुलतभाऊ एल्फेज याचा गुडघ्यावर बसून नमस्कार. (एकाच गुडघ्यावर. दुसरा का वाकत नाही, ते पुढे येईलच.) तुझी तब्येत, झेनोबीवहिनीची साखर आणि पोर्ट आर्थरच्या तेल कारखान्याची हवा यांपैकी काय काय सुधारलं ते कळव. इकडे सर्व क्षेम आहे. खाचरांत पाणी आहे, क्रॉफिश यंदा चांगले लठ्ठ निघतायत आणि एव्हेलिया माझ्याशी बोलत नाही, त्यामुळे घरात शांतता आहे. तू अजून व्हायोलिन वाजवतोस का, असं विचारणार होतो. पण त्याचं उत्तर मला परवा दुसऱ्याच वाटेनं मिळालं. ते शेवटी लिहितो.

तर इथे तेओझेन फॉन्टेनो नावाचा एक प्राणी आहे. ट्रॅक्टर दुरुस्त करतो. वय तिशीचं, डोक्यावर केस भरपूर, आणि काल-परवापर्यंत त्याला अकॉर्डियनचा भाता कुठून उघडतो हेही ठाऊक नव्हतं. आता बघावं तिकडे तेओझेन. लग्न असो, बारसं असो, कुणाकडे डुक्कर कापायचं असो, पाहुण्यांच्या आधी तेओझेनला निरोप जातो. मी त्याच्यावर जळतो असं एव्हेलियाचं म्हणणं आहे. तसं काही नाही. माझं म्हणणं एवढंच, की माणसानं भाता इतका ताणू नये, वाजवताना हसू नये, आणि गावातल्या बायकांनी त्याला केकचा दुसरा तुकडा देऊ नये. (मला पहिलासुद्धा अर्धाच मिळतो.)

उपास लागायच्या आदल्या दिवशीची मार्दी ग्राची फेरी आठवड्यावर आली, तेव्हा फेरीचा कप्तान ओव्हिड घरी आला आणि दारातच त्यानं टोपी काढली. ओव्हिडनं टोपी काढली की समजावं, कुणीतरी गेलं. या खेपेला मी गेलो होतो. म्हणाला, यंदा थंडी फार आहे, तुझ्या बोटांची काळजी वाटते, वाजंत्र्यांच्या गाडीवर तेओझेनला बसवू म्हणतो. इतकी वर्षं बोटं गोठेपर्यंत मी त्या गाडीवर अकॉर्डियन वाजवलं, तेव्हा माझ्या बोटांकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. आणि जो गाडीवर बसतो त्यालाच ईस्टरनंतर मादाम सोलांजच्या नाचघरात शनिवारची खुर्ची मिळते, हे तुला सांगायला नको. आजोबांपासून ती खुर्ची आपल्या घरातली. ती माझ्या डोळ्यांदेखत जाणार, या विचारानं माझ्या घशाखाली घास उतरेना. (गम्बो उतरला. तो पातळ असतो.)

मग मी ठरवलं की आपण मुखवटा घालून घरोघर फिरणाऱ्या सोंगाड्यांत शिरायचं, दिवसभर गाडीमागे चालायचं आणि हा कुठे चुकतो ते स्वतःच्या कानांनी ऐकायचं. एव्हेलियाला सांगितलं, पापनिवेदनाला चाललोय. तिच्याच जुन्या गोधडीचे कपडे, जाळीचा मुखवटा, डोक्यावर उंच टोक असलेली टोपी, आणि बोलायचं ते किनऱ्या आवाजात. शेजारचा अडोल्फ मला तीनदा धडकला, पण त्यानं ओळखलं नाही. घरामागून घर झालं, अंगणामागून अंगण झालं, आणि दादा, तो बेटा चुकेना. एकदा कुत्रं भाता चावायला आलं तरी ताल सुटला नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या रागात, एका अंगणात घरधन्यानं सोंगाड्यांनी पकडायची कोंबडी उडवली तेव्हा मी सगळ्यांच्या पुढे धावलो. कोंबडी कुंपणावरून गेली, मी कुंपणासकट खाचराच्या चरात गेलो. गुडघा तिथला.

चरात उताणा पडलो होतो, मुखवट्यात चिखल गेला होता, आणि गाडीवर त्यानं आजोबांचा वॉल्ट्झ सुरू केला. दुसऱ्या भागात तो वळसा आला, जिथे डावा हात थांबतो आणि सूर नुसता लोंबकळत राहतो. तो मला आयुष्यात जमला नाही. मी विचारलं की तू म्हणायचास, ते सांगून येत नाही, हातानं येतं. त्याच्या हातात ते आलं होतं. आणि मला काय झालं कुणास ठाऊक, मी चरातून उठून आरोळी ठोकली. साधी नाही, आपल्या घराण्याची, शेवटी वर चढणारी. मुखवट्यानं तोंड झाकतं दादा, आरोळी कशी झाकणार? कुणाची कुठली हे गावातली शेंबडी पोरंही सांगतात, आणि वाजवणं काळजाला भिडल्याशिवाय ती कुणी देत नाही. सगळी गाडी थांबली. माझं पितळ उघडं पडलं.

तेओझेन खाली उतरला. तो हसला असता तर मी त्याला तिथेच चरात ओढला असता. पण तो हसला नाही. म्हणाला, "एल्फेजकाका, वर या. पाय सुजलाय तुमचा. आणि सकाळपासून ताल धरायला माणूस नाही मला." मग दाताळ्याच्या दातांपासून बनवलेला तो लोखंडी त्रिकोण माझ्या हातात दिला. तो मी उरलेला दिवस वाजवला. तेव्हापासून गावात जो भेटतो तो म्हणतो, एल्फेज, त्रिकोण सुरेख वाजवतोस हं, इतकी वर्षं कुठे लपवलं होतंस? घरी पोचलो तर एव्हेलियानं मला टोपीपासून बुटांपर्यंत पाहिलं. "फादरनी पाप धुवायला चरात बसवलं वाटतं," एवढं बोलली, त्यानंतर गप्प आहे.

असो. वहिनीस नमस्कार, मुलांस आशीर्वाद. मला कुणाबद्दल काही वाटत नाही. सुखी आहे.

तुझा,
एल्फेज

ता. क. त्रिकोण वाजवता वाजवता मी त्याला विचारलं, वळसा कुणाकडून उचललास? त्यानं आधी इकडेतिकडे पाहिलं. मग म्हणाला, "पोर्ट आर्थरला एक दादा आहेत, रविवारी शिकवतात. पण तुम्हाला सांगू नको म्हणालेत, जळाल म्हणून."

ता. क. दुसरा. ईस्टरपर्यंत उपासाचे दिवस आहेत, कुणी नाचणार नाही, नाचघराला कुलूप आहे. तेव्हा व्हायोलिन घेऊन ये आणि तो वळसा मला शिकव. खिडक्या मी लावून घेईन. एव्हेलिया तुझ्यासाठी क्रॉफिशचा रस्सा करीन म्हणते. (तुझं नाव काढल्यावर बोलली.)

ता. क. तिसरा. तेओझेनला आणू नकोस. गाडी तोच चालवणार असेल तर आण, पण ओसरीवर बसव. खुर्ची त्याची झाली तरी आता चालेल, शेजारी बसून त्रिकोण धरीन. त्याला आधी शिकवलंस तेही विसरेन. मला का नाही शिकवलंस, एवढं मात्र समोर बसून सांग.