बोलता वर्ग

६ जुलै, रविवार. सकाळी ७
आजपासून बंगळूरच्या आमच्या महाराष्ट्र मंडळाचा रविवारचा मराठी वर्ग माझ्या मार्गदर्शनाखाली. शिकवणार चंदनाच. पुण्याची, सर्जापूर रोडला राहते, आठवडाभर कंप्युटर बडवते. पोरगी गुणी, पण मुलं तिच्यापुढे तोंड उघडत नाहीत. अध्यक्ष हणमंतरावांनी बजावलंय, सत्तावीसला येऊन बघतो; मुलं मराठीत बोलली नाहीत तर वर्गाची खोली झुंबावाल्यांना. चंदनाचा चेहरा उतरला. म्हटलं, मी आहे ना! बसवनगुडीत चाळीस वर्षं साड्या विकल्या, मुकं गिऱ्हाईक अजून भेटायचंय. शिवाय वर्गातल्या चर्चेवर अकरा व्हिडिओ बघितलेत. सार एकच: शिक्षकानं कमी बोलावं.

दुपारी १
शिक्षकानं कमी बोलावं, यावर पन्नास मिनिटं बोललो. मुलं एकदम शांत. काय ती एकाग्रता!

१३ जुलै
विषय: आवडता डबा. मुलांना गोल बसवलं. मधोमध मी, केंद्रस्थानी कुणीतरी लागतंच. ध्रुव थालीपिठावर बोलायला लागला. मी हुरूप दिला, हेळु, हेळु! त्यानं आवाज खाली आणला. आणखी हुरूप दिला. पुटपुटायला लागला. शेवटी नुसते ओठ हलत होते. विचार खोल गेला की असं होतं.
चंदना म्हणाली, अण्णा, पुढच्या वेळी स्वल्प मागे बसाल? 'स्वल्प' म्हणाली! 'थोडं'ला कानडी शब्द, माझाच प्रभाव.

१४ जुलै
घरी सांगितलं, तर बायकोला, श्यामलाला, ठसका लागेपर्यंत हसू. म्हणे, अहो, तुमचं हेळु म्हणजे कानडीतलं 'सांग'. पुण्याकडून आलेल्या पोरांना ते 'हळू' ऐकू आलं असणार!
चूक उच्चाराची, पद्धतीची नव्हे. निश्चय: वर्गात कानडी बंद.

२० जुलै
निश्चय पाळला. मागेही बसलो. प्रश्न विचारल्यावर शिक्षकानं थांबावं, असं व्हिडिओत आहे. चंदना थांबली. चार सेकंद झाले. एवढी शांतता मी दुकानातसुद्धा कधी सोसली नाही. उत्तर मीच दिलं. सहा प्रश्न, सहा उत्तरं, सगळी बरोबर.
नंतर ती म्हणाली, अण्णा, रागावू नका, पण ही खोली गेली तर घराबाहेर या मुलांना मराठी बोलायला जागाच नाही हो. म्हटलं, म्हणून तर सत्तावीसला मी जातीनं हजर! ती वळून फळा पुसायला लागली. कमी बोलायला शिकली.

२७ जुलै
कमी कसं बोलायचं, याची चार पानं लिहिण्यात उशीर झाला. धापा टाकत पोचलो, तर आतून हा गलका. दाराशीच थबकलो. मुलं एकमेकांना खोडत होती, तावातावानं, आणि मराठीत! छोटी भार्गवी म्हणाली, पण त्यांना वाईट वाटेल ना. ध्रुव ओरडला, अगं, ते चांगलेच आहेत, पण संपतच नाहीत! हणमंतराव पोट धरून हसले. म्हणाले, खोली तुमचीच.
फटीतून फळा दिसला. विषय: अण्णांनी वर्गात बसावं का?
मग मतदान. 'बसावं'च्या बाजूनं एकच हात वर. तो दाराबाहेर होता, मोजला नाही.