विहीणबाईंना, बाईकच्या वजनासंबंधी

प्रिय विहीणबाईंना सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. खांद्याचं दुखणं कमी झालं हे वाचून बरं वाटलं. व्याह्यांनाही माझा नमस्कार सांगा. इकडे सगळे खुशाल. हे फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्ही मधे मधे बोलता आणि मला हे सलग सांगायचं आहे. (रागावू नका. मीही मधे बोलते, म्हणून तर लिहायला बसले.)

लग्न ठरताना तुम्ही म्हणाला होतात, आमच्या मुलीला हस्तकलेची फार आवड. आम्ही समजलो भरतकाम. तिने आणली पिट बाईक. आता पिट बाईक म्हणजे काय ते आधी सांगते, कारण मलाही बरेच दिवस कळलं नव्हतं. मोटरसायकल धुऊन आटली तर जेवढी उरेल तेवढी ती असते. सीट जेमतेम माझ्या गुडघ्याच्या वर. बघणाऱ्याला वाटतं पोराचं खेळणं आहे, पण सुरू केली की शेजारी खिडक्या लावून घेतात. आणली तेव्हा ती चिखलात उड्या मारायची होती. सुनबाई तिला ट्रॅकसाठी, म्हणजे गुळगुळीत डांबरी वळणांवरच्या शर्यतीसाठी तयार करताहेत. खडबडीत टायर गेले, सपाट आले. दिवा गेला. स्टँड गेला. (त्यामुळे ती आता आमच्या फ्रिजला टेकून उभी असते आणि दुधाची पिशवी हवी असली की आधी तिला बाजूला घ्यावं लागतं.) मग इंजिनाच्या बोल्टांना बारीक भोकं पाडायची, त्यातून तार ओवायची आणि पिळून घट्ट करायची, म्हणजे बोल्ट सुटून ट्रॅकवर तेल सांडत नाही. तपासणीत ती तार दिसली नाही तर गेटातूनच परत पाठवतात. सुनबाईंना तार ओवताना पाहिलं आणि मला तुमची हस्तकला उमगली. इतका सुबक टाका मी जन्मात घातला नाही.

मीही हातभार लावत होते. इंजिनात जाणारी हवा गाळायला एक स्पंज असतो. तो सुनबाईंनी धुऊन, त्याचं ते खास तेल लावून सिंकपाशी निथळत ठेवला होता. मी त्याने भांडी घासली. कढई काही केल्या ओशटपणा सोडेना, म्हणून मी साबण बनवणाऱ्यांचा उद्धार करत होते, तेवढ्यात सुनबाई आल्या. त्यांनी कढईकडे पाहिलं, स्पंजकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "आई, यापुढे तुम्ही फक्त वेळ मोजा." तेव्हापासून स्टॉपवॉच माझ्या गळ्यात असतं. आंघोळीपुरतं काय ते उतरतं.

पण खरी अडचण वजनाची. सुनबाई बाईकवरून छटाक छटाक उतरवतात. पाय टेकायच्या पट्ट्यांना भोकं पाडली, सीटमधला फोम कापला, एखादा बोल्ट जरा लांब दिसला की त्याचं शेपूट उडवलंच. आणि एवढं करून त्या बाईकवर बसतं कोण? आमचे चिरंजीव, चौऱ्याण्णव किलो. चालवतो छान हो, आई म्हणून सांगत नाही. वळणावर दोघांना मागे टाकतो, आणि सरळ रस्ता आला की तेच दोघे आरामात पुढे निघून जातात. दर शर्यतीत चौथा. तीन महिने त्याला काकडीवर ठेवला आहे. तोंड तेवढं उतरलं, काट्यावर काही उतरेना.

येत्या रविवारी मोसमातली शेवटची शर्यत आहे. सुनबाईंनी जाहीर केलं आहे की या वेळी पहिल्या तिघांत नंबर आला नाही, तर बाईक टायरवाल्याला देऊन टाकायची आणि हा नाद सोडायचा. (टायरवाला कधीचा टपून बसलाय.) बोलतात हसत हसत, पण परवा बाईक पुसताना त्यांचे डोळे भरून आले होते, ते मी पाहिलं. आणि खरं सांगू, मलाही ती जायला नको आहे. आमचे हे गेल्यापासून या घरात घड्याळाची टिकटिक ऐकू यायची. आता सकाळपासून हातोडी, ग्राइंडर आणि आमची तिघांची भांडणं. मला असं घर फार आवडतं.

असो. पत्र लांबलं. तब्येतीला जपा, औषधं चुकवू नका. आमच्यावर लोभ असू द्या, आणि थोडा रागही असू द्या. नुसत्या लोभाने विहिणींना करमत नाही.

तुमची,
विहीण

ता. क. : सहज आठवलं म्हणून विचारते. व्याह्यांना चार दिवस इकडे पाठवाल का? मागच्या खेपेला त्यांची पँट गुडघ्यावर फाटली, ती तुम्हाला सांगितलं तशी आमच्या पायरीवरून घसरून नव्हे. सुनबाई म्हणाल्या, "बाबा, एक चक्कर मारून तर बघा," आणि गोदामामागच्या रिकाम्या पार्किंगमध्ये ते अशी वळणं घ्यायला लागले की गुडघा जमिनीला घासला. (या खेळात ते कौशल्य समजतात.) वेळ मीच मोजली. चिरंजीवांपेक्षा चांगले दोन सेकंद कमी! मला वाटलं घड्याळ बिघडलं. जन्मभर भूगोल शिकवलेला माणूस, पण वजन बावन्न किलो. आयोजकांना विचारून ठेवलं आहे, वयाची अट नाही.

ता. क. दुसरा : पाठवणार असाल तर निघताना त्यांना प्रेमाने भरपूर खाऊ घालू नका. विहिणीने विहिणीला असं लिहिणं शोभत नाही, ठाऊक आहे मला. इथे आल्यावर मीही त्यांना अर्धपोटीच ठेवणार आहे. मानपान शर्यतीनंतर.

ता. क. तिसरा : चिरंजीवांना यातलं काही सांगितलं नव्हतं. पोटच्या पोराला कोणत्या तोंडाने सांगायचं, बाबा, तू उतर? पाकीट बंद करणार तोच लक्षात आलं, तो मागे उभा राहून सगळं वाचत होता. वाटलं, आता रुसणार. त्याने माझ्या गळ्यात हात टाकला आणि म्हणाला, "आई, म्हणजे आता मी जेवू?" पानावर बसलाय तो अजून उठलेला नाही. भात संपला, दुसरा लावला, तो खातोय आणि मी इथे डोळे पुसत लिहितेय. पोरगं तीन महिने उपाशी होतं हो, बायकोच्या बाईकसाठी, आणि एका शब्दाने बोललं नाही. तेव्हा विहीणबाई, वर "पाठवाल का" असं लिहिलंय ते खोडलं समजा. व्याह्यांना शुक्रवारी पाठवाच. आमचा स्वार आता तिसऱ्यांदा वाढून घेतो आहे.