भिंतीवरच्या बाबांचं उघडं डोकं

तीर्थरूप नुमेरियसदादास, ओस्तियाहून धाकट्या सर्व्हियसचा दंडवत.

तू बरा असशील तर बरंच आहे, मीही बरा आहे. वहिनींचा गुडघा आणि कापुआची हवा, दोन्ही ठीक असोत. (इथली हवा जरा तापलेली आहे, पण ती आत्यामुळे.) तुझं पत्र पोचलं. ते शिल्प भिंतीवरून उतरव आणि मोकळा हो, असं तू लिहितोस. दादा, तुझा मान राखून सांगतो, उतरवणार नाही. मला तुझ्याकडून काही नको, सल्ला तर मुळीच नको. फक्त काय झालं ते नीट ऐकून घे, कारण आत्याने तुला कळवलेली हकिगत तिच्या सोयीची असणार.

गुलामीतून सुटल्यावरही बाबा दोरवाल्यांच्या संघाच्या यज्ञात दर वर्षी बैल धरून चालायचे, हे तुला सांगायला नको. दोर त्यांनीच वळलेला. वेदीवर मद्य ओतायचा मान मात्र दर वेळी दुसऱ्याच कुणाचा. तीस वर्षं बाबा दोर धरून मागे उभे राहिले. म्हणून मी ठरवलं, जेवणघराच्या भिंतीवर संगमरवरात यज्ञ कोरून घ्यायचा आणि त्यात मद्य ओतणारे आपले बाबा असायचे. (बड्या घरांतून लावतात तसली कुठल्यातरी पुरोहितांची मिरवणूक मला नको होती.) त्यांच्या पुण्यतिथीला अख्खा संघ आपल्याकडे जेवतो. त्या दिवशी सगळ्यांनी मान वर करून बाबांकडे बघायचं, एवढीच माझी इच्छा आहे.

हर्मोगेनेस म्हणून एक ग्रीक मूर्तिकार मिळाला. हातात कला मोठी, पण आपल्या रीतीभातींचा गंध नाही. त्याने बाबा हुबेहूब काढले, अगदी आपल्या घराण्याच्या कानांसकट (तुझे, माझे, आत्याचे, वारा सुटला की शिडासारखे). बघून मी रडलो, खोटं कशाला सांगू. मग आत्या आली. तिने पायापासून वर बघत बघत नजर नेली आणि विचारलं, "अरे, याच्या डोक्यावर पदर कुठाय?" दादा, माझी पाचावर धारण बसली. अंगाभोवती गुंडाळलेल्या तोग्याचा पदर खांद्यावरच होता. उघड्या डोक्याने देवाला अर्पण, आणि एवढीशी चूक झाली तरी आपल्यात सगळा विधी पहिल्यापासून. हर्मोगेनेसला झाडलं तर तो म्हणतो, आमच्याकडे उघड्या डोक्यानेच करतात, आणि पदर घेतला असता तर ते कान कुठून दिसले असते?

त्यात कोरलेल्या पावावाल्याने पावा काखेत मारलेला. पावा थांबला की वाईटसाईट आवाज देवाच्या कानी पडतात, आणि हा तर जन्मभराचा थांबलाय, असं म्हणून आत्याने त्या खोलीत जेवणं सोडलं. मी हार मानली नाही. रोज सकाळी प्रायश्चित्ताचा धूप घालू लागलो आणि जेवताना शिल्पापुढे खराखुरा पावावाला बसवला. तो वाजवतो बरा, पण ऑलिव्हची थाळी दिसली की तोंड दुसऱ्याच कामाला लागतं.

शेवटी हर्मोगेनेसला परत बोलावलं. दगडातूनच पदर काढायचा तर कान जातील, म्हणाला. मी दातओठ खाऊन हो म्हटलं. त्याने डाव्या कानाला छिन्नी लावली मात्र, आत्या मध्ये येऊन उभी. "हात लावून तर बघ. तो कान धरून मी त्याला चालायला शिकवलंय." मग तिने स्वतःच्या अंगावरची शाल काढली आणि बाबांच्या डोक्यावर घातली. तेव्हापासून रोज जेवणाआधी ती पदर घालते, नीट उभा राहा म्हणून बाबांना दटावते आणि तिथेच बसून जेवते. तेव्हा शिल्प राहणार, हे माझं शेवटचं सांगणं.

वहिनींना नमस्कार.

तुझ्यासारख्याच कानांचा,
सर्व्हियस

ता. क. एक सांगायचं राहिलं. आत्याची शाल गुळगुळीत आहे, मध्येच घसरते. घसरली की विधी मोडला, म्हणून आत्या जेवणही पहिल्यापासून सुरू करायला लावते. काल आम्ही तीनदा अंड्यांपासून सुरुवात केली. पावावाला सोडला तर घरात कुणी खूश नाही. पुण्यतिथी वीस दिवसांवर आलीय आणि संघाची माणसं चाळीस.

आणखी ता. क. जाड लोकर घसरत नाही. बाबा गुलामीतून सुटले त्या दिवशी त्यांनी जो पहिला तोगा अंगावर घेतला, तो तुझ्या पेटीत आहे. थोरला म्हणून तू नेलास, मी सहा वर्षं ब्रही काढला नाही. आता मागतो. कुणाच्या हाती धाडू नकोस, तूच घेऊन ये आणि तुझ्या हाताने बाबांच्या डोक्यावर घाल. माझा हात तिथवर पोचत नाही, असं समज. आत्याचा निरोप आहे की तोगा धुऊ नकोस, त्याला अजून दोराचा वास असेल.