वेळअमावस्येची खोप

लातूर, २ जानेवारी १९८६

चि. जगदेवीस,

तुझ्या थोरल्या भावाचे, गुरुबसप्पाचे आशीर्वाद. अव्वा धरून सगळे बरे आहोत. पाण्याचं मात्र विचारू नकोस.

जिल्हा होऊन तीन वर्षं झाली, आता कुठे कचेऱ्यांच्या इमारती उठताहेत. त्यांच्या दारं-खिडक्यांचं सागाचं काम आपल्या वखारीला मिळालं, हे तुला ठाऊक आहे. तरी आपला ट्रक आठ दिवस तुमच्या किनवटच्या रानाच्या तोंडाशी रिकामा उभा आहे, कारण झाडं तोडू देणार नाही म्हणून वाटेवर बाया बसल्यात. शिवलिंग ड्रायव्हर येऊन सांगत होता, पुढच्या रांगेत आपल्या जगदेवी अक्का आहेत. त्याचा ओळखायचा घोटाळा झाला असेल, असं मी म्हणालो. तर म्हणे, अक्कांनीच चहा पाजला.

लहानपणी शेतात चल म्हटलं की उन्हानं तुझं डोकं दुखायचं. आता त्याच डोक्यात हे कोणी भरवलं? परवाना आहे माझ्याकडे. चोरीचं लाकूड नाही.

दहाला वेळअमावस्या. अव्वा लेकीची वाट बघते. येताना त्या बायांना उठवून ये.

लोभ आहेच, तो रस्त्यावर बसून ताणू नकोस.

तुझा अण्णा


किनवट, ५ जानेवारी

ती. अण्णांस,

जगदेवीचे शरणार्थ.

कोणी भरवलं नाही. मी सांभाळते त्या वसतिगृहामागचा झरा मुलींना पुरून उरायचा. वरच्या उतारावरची झाडं गेल्या साली तोडली आणि झरा आटला. मी दोनदा अर्ज केले. उत्तर नाही. शेवटी हंडा घेऊन पलीकडच्या गावच्या विहिरीकडे निघाले, तर वाटेत या बसलेल्या. केवळाबाई म्हणून एक म्हातारी आहे, ती जरा सरकली. मी बसले. पाय दुखत होते, एवढंच खरं.

त्या का बसल्या, तेही मी विचारलं. केवळाबाईला मोहाची फुलं हवीत. सिंधूची सासू तिला कुठे जाऊ देत नाही, इथे यायला अडवत नाही, म्हणून ती येते. तुमच्या ट्रकवाल्यानं शिवी दिली म्हणून आलेलीही एक आहे. नांदेडहून पोरं येतात, पृथ्वीवर भाषण करतात आणि दुपारच्या गाडीनं परततात. मुली अजून दोन कोसांवरून पाणी आणतात. मला या सगळ्याचा वीट आलाय, अण्णा. पण उठले तर हंडा घेऊन जाऊ कुठे?

वेळअमावस्येला येत नाही. अव्वाला समजावून सांगा.

रागासकट माया ठेवा.

जगदेवी


लातूर, १२ जानेवारी

चि. जगदेवीस,

आशीर्वाद.

परवा शहर सगळं बंद करून लोक नेहमीसारखे शेतात गेले. आपण शेतातली पूजेची खोप कडब्याची करतो. यंदा पेंढी कुठे शिल्लक नाही, सगळा कडबा जनावरांच्या पोटात. म्हणून मी वखारीतल्या सागाच्या फाट्यांची खोप उभी केली. सुबक झाली होती. तिच्यात पांडवांचे पाच दगड चुन्यानं रंगवून मांडले, पूजा झाली, ताकातल्या अंबिलीनं भरलेला मातीचा बिंदगा ठेवला.

अव्वा दारातून आत बघत राहिली. मग विचारलं, “हे लाकूड जगीकडचं हाय का?” मी हो म्हणालो. ती बाहेर ढेकळांवर जाऊन बसली, खोपेकडे पाठ करून.

पाहुणे आले. वाटेनं जाणारे बोलावले, कारण त्या दिवशी कुणाला न जेवता जाऊ देता येत नाही. पण म्हातारी उन्हात असताना सावलीत कोण शिरेल? जो तो तिच्याशेजारी बसला. पालेभाज्या-शेंगांची भज्जी बाहेर, अंबील बाहेर. खोपेत मी एकटा, पाच दगडांसमोर. घरची माणसं हसू दाबून होती. शेवटी मीही बाहेर आलो. अव्वा जरा सरकली.

हे तू तिला कधी शिकवलंस?

आणि तुझ्या रस्त्यावर बसण्यानं काय झालं ते ऐक. माल वेळेत आला नाही म्हणून काम मडिवाळप्पाच्या वखारीला गेलं. साग तुमच्याच रानातला, फक्त दुसऱ्या वाटेनं निघणार. मी बुडालो, तुझा झरा काही परत आला नाही. सांग, काय मिळवलंस?

माया आहे, पण या वेळी जास्त लिहवत नाही.

अण्णा


किनवट, १६ जानेवारी

ती. अण्णांस,

शरणार्थ. 

दुसरी वाट कोणती, तेवढं लिहा.

जगदेवी


लातूर, १९ जानेवारी

चि. जगदेवीस,

आशीर्वाद. मी तुमच्यात नाही, हे आधी ध्यानात घे. झाडांचं मला काही सांगू नकोस. पण मडिवाळप्पा भर बाजारात हसला, ते मला सोसवेना.

त्याचे ट्रक भोकर गावच्या अंगानं, नाल्यातल्या जुन्या बैलवाटेनं येणार, सत्तावीसला, सोमवारी पहाटे. तिथे बसायला आडोशाला एकही झाड उरलेलं नाही. शिवलिंगाबरोबर अव्वाची घोंगडी पाठवतोय. केवळाबाईलाही तिच्यावर घे.

तुझा अण्णा